रोजची भाकर

बालमित्रांनो,

या आठवड्याच्या टपालात ट्रॉम्ब्याहून एका मुलीचं पत्र आलं आहे. ती सातवीत शिकते. नाव छापू नका असं तिने लिहिलंय, म्हणून छापत नाही. पत्र मात्र तुम्हा सगळ्यांना वाचून दाखवावंसं वाटलं.

ती लिहिते, "ताई, आम्ही ख्रिस्ती आहोत. आमच्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थना असते. पप्पांची होडी आहे. नारळी पौर्णिमेनंतर सगळ्यांच्या होड्या निघाल्या, पण आमच्या होडीचं इंजिन बिघडलं. दुरुस्तीला पैसे नाहीत. शेजारच्या मावशी आपल्या पाटीतली थोडी मासळी मम्मीला विकायला देतात, त्यावर घर चाललंय. मी रोज देवाला सांगते, पण इंजिन काही चालू होत नाही. मम्मी म्हणते, देवावर भरवसा ठेव. ताई, भरवसा ठेवायचा म्हणजे नक्की काय करायचं?"

प्रश्न एका ओळीचा आहे, पण भल्याभल्यांना गप्प करणारा आहे. "सगळं छान होईल हं!" असं लिहून मला मोकळं होता आलं असतं. पण तुमच्या पप्पांचं इंजिन कधी सुरू होईल हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेलं मी तुला कसं सांगू? म्हणून जिने हा प्रश्न आयुष्यभर सोसला, अशा एका बाईची गोष्ट सांगते.

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. मुलींना शिकवणं पाप समजलं जाई त्या काळात त्यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराण सांगे. देवाचं नाव त्यांच्या तोंडी सदा असे. तरीही दुष्काळ आला तेव्हा त्यांची भूक चुकली नाही. आई, वडील आणि मोठी बहीण एकामागून एक गेली. मागे उरली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघं शेकडो कोस पायी हिंडली. अंगावर पुरेसं पांघरूण नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीत नदीकाठच्या वाळूत खड्डे करून, अंगावर कोरडी वाळू ओढून ती निजली. पुढे भाऊही गेला. लग्न झालं, मुलगी झाली, आणि दोन वर्षांच्या आत पती पटकीने वारले. तेव्हा रमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मग दुःखं संपली का? नाही. पण एक गोष्ट पाहा. देवावर भरवसा ठेवला म्हणून त्या हात जोडून बसून राहिल्या नाहीत. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. एक-दोन नव्हे, सुमारे तीनशे! केडगावच्या मोकळ्या माळावर त्यांनी विहिरी खणवल्या, झाडं लावली, माग बसवले, छापखाना घातला. हेच ते मुक्ती मिशन. पुणे जिल्ह्यात ते आजही चालू आहे.

हे काम त्यांनी एकटीने केलं नाही बरं. १८८७ मध्ये अमेरिकेत बोस्टनला त्यांच्यासाठी एक मंडळ उभं राहिलं आणि दहा वर्षं पैसे पाठवायचं त्याने कबूल केलं. ना नात्याची ना गोत्याची ती माणसं! पण रमाबाईंनी आधी आपली गरज त्यांना सांगितली होती. मदत मागितली म्हणजे विश्वास कमी पडला, असं नसतं. देवाची मदत पुष्कळदा माणसाच्या हातानेच येते.

शेवटची परीक्षा तर फार कठीण होती. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई तेव्हा साध्या मराठीत बायबलचा अनुवाद करत होत्या. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. त्या आईला किती रडू आलं असेल! पण काम त्यांनी खाली ठेवलं नाही. अनुवाद पुरा झाला आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले.

आता तुझ्या प्रश्नाकडे येऊ. येशूने शिकवलेली प्रार्थना तू रोज म्हणतेस. त्यात भाकर मागितली आहे, पण किती? आजच्यापुरती! वर्षभराचं कोठार मागितलेलं नाही. मला वाटतं, भरवसा म्हणजे हेच. मनातलं देवाला खरं खरं सांगायचं, हवं तर रडायचंसुद्धा. मग आज जे हाती आहे ते नीट करायचं, आणि उद्याची काळजी उद्यावर सोडायची.

आणि तुझं पत्र तूच पुन्हा एकदा वाच. शेजारच्या मावशींबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस, तीही जाता जाता. अगं, आपल्या पाटीतली मासळी दुसरीला द्यायची म्हणजे स्वतःची कमाई कमी करायची! तू देवाकडे इंजिन मागत होतीस. त्याने तुझ्या दारात आजची भाकर आणून ठेवली, मावशींच्या हातून. ती तुला दिसली नाही इतकंच.

मुंबईचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतात. नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेऊन देवाचे आभार मानतात. मुंबईतली भातशेती जवळजवळ संपली, तरी लोंब्या दुसरीकडून आणतात. आभार मानायचं काही सोडत नाहीत.

तर दोस्तांनो, तुम्ही आरती म्हणा, नमाज पढा, वंदना म्हणा की येशूची प्रार्थना करा. आज रात्री वहीत तीन गोष्टी लिहा. आज मला काय मिळालं? ते कुणाच्या हातून मिळालं? आणि माझ्या हातून कुणाला काय मिळालं?

पालकांनो, घरातली अडचण मुलांपासून लपत नाही. ती त्यांना समजेल अशा शब्दांत सांगा आणि प्रार्थनेला त्यांना शेजारी बसवा.

आणि ट्रॉम्ब्याच्या माझ्या मैत्रिणी, इंजिन सुरू झालं तर कळव. नाही झालं, तरी कळव. मी वाट पाहते आहे.

तुमची,
ताई