बेकारी विम्याचा भार कोणी वाहायचा?

लहान कारखानदाराची एक तक्रार फार जुनी आहे. माल खपो वा न खपो, बिलाचे पैसे वेळेवर येवोत वा न येवोत, कामगारांच्या विम्याची वर्गणी मात्र दरमहा ठरल्या तारखेला भरावीच लागते. ही तक्रार खोटी नाही. परंतु तिच्यावर उपाय म्हणून वर्गणीच सरसकट कमी करण्याचा जो मार्ग सुचविला जातो, तो सोयीचा असला तरी शहाणपणाचा नाही. कामगार बेकार झाला की त्याचा खर्च कोणी ना कोणी सोसतोच. विमा नसला तर तो सावकाराच्या वहीत आणि मुलांच्या अर्ध्यावर सुटलेल्या शाळेत जमा होतो, इतकेच.

आपल्याकडे हा खर्च आज कसा भागविला जातो? कामगाराची कपात करताना सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन देण्याचे बंधन मालकावर १९५३ पासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ते कायम ठेवलेच. शिवाय अशा प्रत्येक कामगारामागे आणखी पंधरा दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरण्यास सांगितले. दहा वर्षे राबलेल्या माणसामागे ही रक्कम १६५ दिवसांच्या वेतनाइतकी होते, आणि ती मोजण्याची वेळ येते ती नेमकी धंदा बुडत असताना. देणारा खंक झालेला असतो आणि घेणाऱ्याला कोर्टाची पायरी चढावी लागते. बऱ्या दिवसांत थोडे थोडे साठवून वाईट दिवसांचा भार हलका करणे, हेच तर विम्याचे प्रयोजन. पण आपली विम्याची बाजू फारच लंगडी आहे. कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या २०१८ च्या अटल योजनेने बेकार कामगाराला सरासरी वेतनाच्या २५ टक्के रक्कम देऊ केली. तीही फार तर ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच. कोविडच्या साथीत, २०२० मध्ये, हे प्रमाण ५० टक्के करण्यात आले. म्हणजे १५,००० रुपये वेतन असलेल्या कामगाराच्या हाती वाढीव दरानेही पडणार ते २२,५०० रुपये!

अशा स्थितीत वर्गणी आणखी घटविणे म्हणजे निधीलाच खार लावणे होय. शिवाय सरसकट सवलतीचा लाभ कोणाला होतो तेही पाहिले पाहिजे. जुलै २०१९ मध्ये महामंडळाकडे भरावयाची मालकाची वर्गणी ४.७५ टक्क्यांवरून ३.२५ टक्क्यांवर आणण्यात आली. दरडोई १५,००० रुपये वेतन धरले, तर वीस कामगारांच्या कारखान्याचे त्यामुळे महिन्याला ४,५०० रुपये वाचले. पाचशे कामगारांच्या कारखान्याचे १,१२,५०० रुपये. ज्याची गरज कमी, त्याच्याच पदरात माप मोठे पडले.

निधी दुबळा ठेवण्याचे परिणाम काय होतात, याचा धडा अमेरिकेत मिळतो. तेथे प्रत्येक कामगाराच्या पहिल्या ७,००० डॉलर वेतनावर मालकाकडून ६ टक्के संघीय बेकारी कर घेतला जातो आणि त्यातून ५.४ टक्क्यांपर्यंत सूट मिळते. कॅलिफोर्नियाचा बेकारी निधी २०२० च्या साथीत आटला आणि त्या राज्याने केंद्राकडून अब्जावधी डॉलरचे कर्ज घेतले. ते न फिटल्यामुळे २०२२ पासून तेथील मालकांची सूट दरवर्षी ०.३ टक्क्याने घटू लागली. ज्याने एकाही माणसाला कामावरून काढले नाही, असा लहान दुकानदारही या वाढीव करातून सुटला नाही. आधी वाचविलेली वर्गणी अशी मागाहून दंडासह वसूल होते.

मग लघुउद्योजकाला दिलासा द्यायचाच नाही काय? अवश्य द्यावा, पण तो सरकारी तिजोरीतून द्यावा. ब्रिटनने १९११ मध्ये बेकारी विमा सुरू केला तेव्हा कामगार, मालक आणि सरकार असे तिघेही वर्गणीदार होते. महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवून रोजगार हमीचा खर्च उचलला, तेव्हा त्यात स्वतःची तितकीच भर घालण्याचे सरकारनेही पत्करले होते. २०२० मध्ये शंभरपर्यंत कामगार असलेल्या आणि त्यांतील बहुतेकांचे वेतन १५,००० रुपयांहून कमी असलेल्या आस्थापनांची भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी केंद्राने काही महिने स्वतः भरली. निधीला धक्का न लावता उद्योगाला हात देता येतो, हे त्या वेळी दिसून आले.

करदात्याने हा भुर्दंड का सोसावा, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच की, मार्च २०२० ची टाळेबंदी लघुउद्योजकाने पुकारली नव्हती. धोरणामुळे ओढवलेल्या बेकारीची जबाबदारी धोरण ठरविणाऱ्यांना टाळता येणार नाही.

तेव्हा वर्गणीचा दर आहे तेथेच राहू द्यावा आणि बेकारी भत्त्याची ‘आयुष्यात एकदाच’ ही अट काढून टाकावी. पन्नासपर्यंत कामगार असलेल्या उद्योगांच्या वर्गणीचा काही हिस्सा सरकारने भरावा आणि कामगारसंख्या वाढेल तसा तो उतरत न्यावा. म्हणजे विमा सर्वसाधारणपणे दहा कामगारांपासून लागू होतो म्हणून दहाव्या माणसाची नोंदच न करण्याचा मोह उरणार नाही. यासाठी लागणारी रक्कम अर्थसंकल्पात उघडपणे दाखविली जावी. लहान कारखानदाराला सवलत मिळालीच पाहिजे. मात्र तिची किंमत त्याच्याच कामगाराच्या वाईट दिवसांतून वसूल होता कामा नये.