नेत्रशिरेचा अवरोध आणि स्टिरॉइडची सुई
दृष्टिपटलाची प्रमुख शीर अवरुद्ध होऊन पीतबिंदूवर सूज चढली, म्हणजे रुग्णाच्या वाट्यास बहुधा केवळ प्रतीक्षाच येत असे. ती असहायता अमेरिकेतील २००९ च्या ‘स्कोअर’ चाचणीने मोडली, कारण नेत्रगोलात ट्रायॲमसिनोलोन हे स्टिरॉइड टोचलेल्यांपैकी वर्षअखेर सुमारे २७ टक्क्यांना तक्त्यावरील १५ किंवा अधिक अक्षरे जास्त वाचता आली, तर नुसत्या देखरेखीखालच्यांत हे प्रमाण अवघे ७ टक्के होते. उपशिरेच्या अवरोधात मात्र जुना लेसरच तितका गुणकारी व अधिक निर्धोक ठरला. आज पहिला मान रक्तवाहिन्यांची गळती रोखणाऱ्या निराळ्या इंजेक्शनांना आहे, हेही खरे. तथापि ट्रायॲमसिनोलोन टोचायचेच झाले, तर त्याची ४ मिलिग्रॅमची मात्रा १ मिलिग्रॅमहून अधिक दृष्टी देत नाही, मोतीबिंदू व नेत्रदाब मात्र सढळ हाताने देते. तेव्हा नंतर दाब तपासण्याची तजवीज नसलेल्या दवाखान्याने ही सुई हाती धरूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.