सादानीचा किनारा

टांझानियात, झांझिबारच्या समोरील किनाऱ्यावर, सादानी हे राष्ट्रीय उद्यान आहे. २००५ साली त्याला हा दर्जा मिळाला. येथे गवताळ रान थेट हिंदी महासागरास भिडते. सेरेंगेटीसारखे अफाट कळप पाहण्याच्या हौसेने येणारा प्रवासी काहीसा हिरमुसतो. परंतु वामी नदीच्या मुखाशी नाव थांबवून जो स्वस्थ बसतो, त्याला खारफुटीच्या सावलीत पाणघोडे व मगरी दिसतात. पलीकडे मादेतेच्या पुळणीवर हिरवी समुद्रकासवे रात्री अंडी घालण्यास येतात.

वामीच्या दक्षिणेस बागामोयो हे जुने बंदर आहे. एकोणिसाव्या शतकात आतल्या मुलखातून हस्तिदंताचे तांडे तेथे उतरत. गुलाम केलेली माणसेही त्याच वाटेने आणली जात. दंत झांझिबारमार्गे मुंबईस येई आणि त्यातील पुष्कळसा बांगड्यांच्या कामी लागे. या तांड्यांना भांडवल पुरविणाऱ्यांत कच्छी पेढ्याही होत्या. व्यापारी घरांतील प्रवाशाने बागामोयोस जाताना एवढे ठाऊक ठेवावे.

सादानीचे हत्ती आजही बुजरे आहेत. माणसाची चाहूल लागताच ते झुडपांत शिरतात.