हिवाळ्यातले सतरा रविवार

पुणे-सोलापूर रस्त्यावर पाटस मागे पडलं की कुरकुंभची औद्योगिक वसाहत येते. फिरंगाई मातेचं हे गाव आता औषधं आणि रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. सिप्ला, अल्काइल अमाइन्स अशा कंपन्यांचे प्रकल्प इथे आहेत. रसायनांची प्रक्रिया मनात आलं म्हणून मध्येच थांबवता येत नाही. त्यामुळे यंत्रं दिवसरात्र चालतात आणि माणसं फर्स्ट, सेकंड, नाईट या पाळ्यांमध्ये वाटली जातात. डिसेंबरच्या सकाळी गेटाबाहेरच्या टपरीवर कानटोपी घातलेले दोन घोळके दिसतात, एक आत जाणारा आणि एक जागून बाहेर पडलेला. चहाचा एक कप होईपर्यंत दोघांचं बोलणं होतं: कुणाची सुट्टी कधी आहे, कुणाला ओटी (ओव्हरटाइम) लागली आहे, कुणाच्या बदली कोण उभं राहील. त्याच वेळी रस्त्यावरून उसाने भरलेल्या ट्रॉल्या जात असतात.

या भागातली थंडी अंगावर येणारी नाही. एखाद्या वर्षी कडाका पडतो. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. पण तो अपवाद. एरवी रात्री गोधडी आणि दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, असाच इथला हिवाळा असतो. एप्रिल-मे महिन्यांत दौंड-शिरूरकडे दुपारी घराबाहेर पडवत नाही, पावसाळ्यात शेतीची ओढाताण असते. माणसांनी एकमेकांकडे जावं, अंगणात बसावं, लेकरांना घेऊन फिरावं, यासाठी वर्षातले हेच चार महिने खरे सोयीचे. म्हणून सगळं काही याच महिन्यांत येतं. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, शाळांची स्नेहसंमेलनं होतात, ज्वारीच्या रानात हुरड्याची आगटी पेटते, नाताळ येतो आणि मागोमाग संक्रांत. आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगामही नेमका तेव्हाच भरात असतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत साधारण सतरा रविवार येतात. जिथे साप्ताहिक सुट्टी सातही वारांवर आळीपाळीने फिरते, तिथल्या कामगाराच्या वाट्याला त्यातले दोन किंवा तीन येतात. बाकीच्या आठवड्यांतही त्याला सुट्टी मिळतेच, पण ती मंगळवारी, शुक्रवारी. त्या दिवशी मुलं शाळेत असतात, बायको तिच्या कामावर असते, आणि तो दिवसा एकटाच घरात झोपलेला असतो. कागदावर त्याच्या सुट्टीत काहीच कमी नाही, कायदाही मोडलेला नाही. तरी चार माणसांचं ते घर आठवडेच्या आठवडे एका पंगतीला बसत नाही.

सुट्टी माणसाला द्यायची की घराला, हा प्रश्न इथे विचारायला हवा. आजवर आपण ती माणसाला दिली. घराला, आणि घरासोबत गावाला, एकाच वेळी मोकळा असा एक दिवस लागतो याची नोंद पाळीच्या तक्त्यात कुठेच होत नाही.

रविवारची सुट्टी आपल्याकडे आयती आलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. मुंबईच्या गिरण्यांमधल्या कामगारांना उसंत मिळावी म्हणून त्यांनी १८८०च्या दशकात सभा घेतल्या, सह्यांचे अर्ज केले, आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढच्याच वर्षीच्या कारखाना कायद्यात आठवड्याच्या सुट्टीला जागा मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, हा आधारही त्या मागणीमागे होता असं सांगितलं जातं. जेजुरी दौंडहून फार लांब नाही. इथल्या घराघरांत खंडोबाचा टाक आहे. तेव्हा रविवार म्हणजे इंग्रजांचा आणि चर्चचा दिवस, असं म्हणून तो सोडून देणाऱ्यांनी जरा जेजुरीच्या वाटेवरची रविवारची गर्दी पाहावी. या मुलखात तो दिवस मल्हारीचाही आहे आणि ख्रिस्ताचाही.

ख्रिस्ती मंडळींचं उदाहरण इथे मुद्दाम घ्यायला हवं, कारण रविवार हातातून निसटला की काय जातं हे त्यांच्याकडे सर्वांत आधी दिसतं. दौंड, शिरूर, केडगाव या पट्ट्यात मराठी ख्रिस्ती कुटुंबं कैक पिढ्या आहेत. पुण्याहून दिकसाळपर्यंतची रेल्वे १८५८ मध्ये दौंडवरून गेली, १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला, आणि रेल्वेच्या नोकरीने इथे नाना ठिकाणची माणसं आणून वसवली. शिरूरला, म्हणजे घोडनदीला, इंग्रजांची छावणी होती. पुढे अमेरिकन मराठी मिशनच्या विन्सर दाम्पत्याने तिथे उद्योगशाळा चालवली, तीत घायपाताचा वाख काढण्याचं काम शिकवलं जाई. अमेरिकन मिशनऱ्यांच्या मंडळ्या १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. आज या मंडळ्यांमध्ये रेल्वेतली माणसं आहेत, नर्सेस आहेत, शिक्षक आहेत आणि एमआयडीसीतले कामगारही.

अशा मंडळीची रविवारची उपासना म्हणजे तास-दीड तासांची प्रार्थना एवढंच नसतं. आधी मुलांची रविवारची शाळा भरते. पेटी, तबला, टाळ यांवर भजनं होतात, ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला मराठी भजन-कीर्तनाची जी चाल दिली, ती या देवळांत अजून चालते. उपदेश झाला, अर्पण झालं, की बाहेर अंगणात ऊन खात लोक बराच वेळ थांबतात. खरी कामं तिथेच होतात. कुणाची सासू दवाखान्यात आहे हे कळतं, मुलीसाठी स्थळ सुचवलं जातं, दहावीच्या मुलाला गणित कोण शिकवणार हे ठरतं, नव्याने आलेल्या कुटुंबाला भाड्याची खोली मिळते. आणि दर आठवड्याला पाळकांच्या कानावर एक वाक्य हमखास पडतं: “पाळकसाहेब, पुढच्या रविवारी मी नाही, सेकंड आहे.” तबला वाजवणारा सेकंडला, मुलांना शिकवणाऱ्या बाईंची इस्पितळात ड्युटी, मंडळीचे रेल्वेतले वडील गाडीवर. मंडळी जमते, पण तिच्या हातापायांतलं काही ना काही दर रविवारी गैरहजर असतं.

नाताळाच्या आधीचे पंधरा दिवस पाहिले तर हे आणखी जवळून दिसतं. मराठी ख्रिस्ती घरातला नाताळचा फराळ हा दिवाळीच्याच जातीचा: करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू. करंज्या एकटीने होत नाहीत. एक लाटते, दुसरी सारण भरते, तिसरी कातण्याने कडा कापते, आणि एक जण तळणीपाशी. पारी उघडी राहिली तर सुकते आणि तेलात करंजी फुटते, म्हणून लाटलेल्या पाऱ्यांवर ओलं फडकं टाकून ठेवायचं काम घरातल्या सर्वांत लहान मुलीकडे असतं. संध्याकाळी सातला हा घाट घालायचा तर नवरा सेकंडहून रात्री घरी येणार, जाऊ नाईटला निघालेली. मग फराळ दुकानातून आणला जातो. दुकानातल्या करंज्या चवीला वाईट नसतात. पण चार हात एका परातीभोवती बसले असते तेव्हाचं बोलणं, लहानीने मोठीकडून शिकणं, दीर-भावजयीची थट्टा, हे कुठल्याच दुकानात मिळत नाही. नाताळची गाणी गात घरोघरी जाणाऱ्या तरुणांच्या मेळ्यालाही हाच अडथळा. वर्षअखेरची रात्र देवळात काढणं, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या प्रार्थनासभा, सगळीकडे निम्मे लोक पाळीवर असतात.

आणि काम नि उपासना एकमेकांच्या विरुद्धच असतात असंही नाही. याचा मोठा दाखला कुरकुंभच्या शेजारीच आहे. चौफुल्याहून आत वळलं की केडगाव. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं, आणि केडगावला जमीन घेतली. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, तेव्हा त्यांना केडगावच्या माळावर आणून ठेवलं. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० नंतर तिथल्या बायका-मुलींची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या माणसांना जेवू घालायचं म्हणजे काम टळत नाही. मुक्तीत शेती होती, गाई होत्या, विणकाम होतं, तेलघाणा होता, छापखाना होता. आंधळ्या मुलींना रमाबाईंच्या लेकीने, मनोरमेने, ब्रेल शिकवली. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या बायकाच होत्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं साध्या मराठीतलं भाषांतर याच हातांनी छापलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. छापील बायबल १९२४ मध्ये आलं. इतकं अवजड काम करणाऱ्या त्या संस्थेने उपासनेचा वेळ कामातून उरेल तेव्हाचा ठेवला नव्हता. घंटा झाली की घाणा, चूल, माग सोडून सगळ्या एका छताखाली येत. ज्या बायकांना स्वतःचं घर उरलं नव्हतं, त्यांचं घर त्या एकत्र बसण्यातून झालं. मुक्ती मिशन आजही केडगावात आहे.

आता या मुलखातल्या ज्या माणसांना मंगळवारची किंवा शुक्रवारचीही सुट्टी मिळत नाही, त्यांच्याबद्दल. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून, तसंच अहिल्यानगरहून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास इकडे येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली असते आणि ती टनावर फेडायची असते. पहाटे कोपीतून निघायचं, दहिवराने भिजलेल्या पाचटात ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. अंग दुखलं, मासिक पाळी आली, लेकरू तापलं म्हणून एक दिवस गेलं नाही की खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. चार-पाच महिन्यांत एकही वार त्यांचा नसतो. सौम्य थंडीत आपण ज्या शेतकडेला हुरडा खायला जातो, तिथून हाकेच्या अंतरावर हे चाललेलं असतं. साखर कामगारांच्या सुट्टीवर कराराने बोलणी होतात. ऊस तोडणाऱ्याच्या सुट्टीवर कुणी बोलणीला बसत नाही. हे लाजिरवाणं आहे आणि ते तसंच म्हटलं पाहिजे.

शेतकऱ्याची गत थोडी वेगळी, पण रात्र त्याचीही गेलेली. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं तर पंपाला वीज अनेकदा रात्रीच्या फेऱ्यात. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले, त्यानंतर रात्री उसाच्या कडेने दारं धरायला जाणाऱ्या माणसाच्या घरी कुणाला झोप लागत असेल? दिवसा वीज ही मागणी सोयीची नाही, जिवाची आहे.

कारखाने रविवारी बंद ठेवा, असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. औषधं बनायला हवीत, गाड्या धावायला हव्यात, इस्पितळाला सुट्टी नसते. पण आहे त्या व्यवस्थेतही पुष्कळ करता येतं. १९४८च्या कारखाना कायद्याने सुट्टीचा मूळ दिवस आठवड्याचा पहिला, म्हणजे रविवारच धरला होता, आणि बदली सुट्टी त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत द्यायला सांगितली होती. अपवादाची सोय होती. आपण अपवादाचाच रिवाज केला. राज्य सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतला दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली, तेव्हा चर्चा झाली ती तासांची आणि ओटीच्या दराची. आठवड्याचे तास तेवढेच राहणार, त्यामुळे जादा मोकळा दिवस मिळू शकतो, असं समर्थन झालं. तो जादा दिवस कोणत्या वारी, हे मात्र कुणी विचारलं नाही.

कुरकुंभच्या कंपन्यांनी आणि कामगार संघटनांनी पुढच्या करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. पाळीचा तक्ता निदान महिनाभर आधी हातात यावा, म्हणजे लग्नाची तारीख, मुलाचं संमेलन, देवळातली जबाबदारी आधी ठरवता येईल. प्रत्येक कामगाराला, कंत्राटी असला तरी, महिन्यातून एक रविवार नक्की मिळावा. आणि सणाची रजा अदलाबदलीने घेण्याची मुभा नियमात यावी: नाताळला हिंदू कामगाराने ख्रिस्ती सोबत्याची पाळी घ्यावी, दिवाळीला ख्रिस्त्याने त्याची, ईदला दोघांनी मिळून तिसऱ्याची. हे टपरीवरच्या चहापाशी आजही चालतं, पण सुपरवायझरच्या मर्जीवर. साखर कारखान्यांनी तोडणी-वाहतुकीचा करार करताना टोळीला दर आठवड्याला बिनखाड्याची एक सुट्टी देण्याची अट मुकादमावर घालावी आणि टोळ्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या दिवशी लावाव्यात, म्हणजे गाळपाला ऊस कमी पडणार नाही. पुढच्या हंगामाची उचल आधीच वाटली जाते. ही अट घालायची तर तिची बोलणी त्याआधी, हा हंगाम संपता संपताच व्हायला हवीत.