यंत्राचें मौन

रेल्वे स्थानकाच्या प्रवेशद्वारीं, न्यायालयाच्या दारांत आणि मोठ्या परीक्षांच्या केंद्रांवर हातांत धातुशोधक यंत्र घेतलेला रक्षक आतां सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. धातू जवळ आला कीं यंत्र वाजतें. नसला कीं गप्प राहतें. परंतु बॅटरी संपली असतांही तें गप्पच राहतें. म्हणून अशा यंत्रांत कोणती बॅटरी घालावी हा प्रश्न केवळ काटकसरीचा नाहीं, असें आम्हांस वाटतें.

यंत्राच्या वेटोळ्यांतून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह भोंवतीं चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. त्यांत धातू आला म्हणजे क्षेत्र बदलतें, आणि तो बदल यंत्रास कळतो. हें कार्य अखंड चालावें लागत असल्यानें बॅटरी सतत खर्च होते.

हातांतील पुष्कळ यंत्रांस नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. एकदां वापरून टाकावयाच्या अल्कलाइन बॅटरींत दीड व्होल्टचे सहा घट असतात. पुनःपुन्हा भारित करतां येणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीचा घट मात्र १.२ व्होल्टचा. असे सात घट असल्यास ८.४ व्होल्ट मिळतात. सहाच असल्यास ७.२. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. यास्तव विकत घेतांना वेष्टनावरील अंक वांचावा.

या बॅटरीचे दोष लपवूं नयेत. अल्कलाइन बॅटरीच्या मानानें तिच्यांत निम्म्याहूनही कमी विद्युत् मावते, आणि साधी असल्यास नुसती पडून राहिली तरी ती आपोआप रिकामी होत जाते. शिवाय अल्कलाइन बॅटरीचा दाब हळूहळू उतरतो. हिचा दाब बराच वेळ स्थिर राहून शेवटीं एकदम कोसळतो. त्यामुळें बॅटरी क्षीण झाल्याचा दिवा लागल्यावर फारसा अवधि उरत नाहीं.

असें असूनही आमचा कौल तिलाच आहे. ती शेंकडों वेळां भारित करतां येते. त्यामुळें पुष्कळ अल्कलाइन बॅटऱ्यांचा खर्च वांचतो, आणि त्यांचा कचराही वांचतो. तिच्या दोषांस शिस्त हेंच औषध आहे. एक बॅटरी यंत्रांत व दुसरी भारित होत असावी. अदलाबदलीची वेळ ठरलेली असावी. आणि तें काम एकाच माणसाकडे सोंपविलेलें असावें. सर्वांचें काम तें कोणाचेंच नव्हे.

याहून महत्त्वाचा धडा सुरुंग शोधणाऱ्यांकडून घ्यावा. पोलिश अधिकारी जोझेफ कोसात्स्की यांनीं दुसऱ्या महायुद्धांत सिद्ध केलेलें सुरुंगशोधक यंत्र १९४२ सालीं एल् अलामेनच्या रणांगणावर उपयोगांत आलें. आजही सुरुंग काढणारे कामगार भूमीवर पाऊल टाकण्यापूर्वीं माहीत असलेल्या धातूच्या तुकड्यावर यंत्र वाजवून पाहतात. यंत्र तेथें वाजलें, तरच पुढील मौनावर ते प्राण सोंपवितात. आपल्या दारांवरील रक्षकानेंही पाळीच्या आरंभीं व मध्यें स्वतःच्या किल्लीवर यंत्र वाजवून पाहावें. यास पैसा लागत नाहीं, वेळही क्षणाचाच लागतो.

विद्यार्थिमित्रहो, यंत्र कितीही चतुर असलें तरी त्याच्या पाठीशीं जागरूक माणूस असावाच लागतो. पुनर्भरणीय बॅटरी काटकसर शिकविते खरी; परंतु ती नियमितपणाचीही परीक्षा घेते, आणि त्या परीक्षेंत उत्तीर्ण होणाऱ्याच्याच हातीं ती शोभते.