तान्ह्या बाळांची फुप्फुसे, सोनोग्राफी आणि आपला कायदा

भूल दिलेल्या तान्ह्या बाळाच्या रक्तातील ऑक्सिजन एकाएकी उतरू लागतो, तेव्हा भूलतज्ज्ञाच्या हाती फार वेळ नसतो. श्वासनलिकेतील नळी सरकली आहे, फुप्फुसाचा काही भाग मिटला आहे, की छातीच्या पोकळीत हवा साठली आहे? तिन्हींवरचे उपाय वेगळे. एक्स-रे हाती येईपर्यंत मोलाची मिनिटे निघून जातात. बाळाच्या छातीवर टेकवलेला सोनोग्राफीचा प्रोब मात्र बहुतेकदा जागेवरच उत्तर देऊ शकतो.

ऊती आणि हवा यांच्या सीमेवर ध्वनिलहरी जवळजवळ पूर्णपणे परावर्तित होतात. म्हणून फुप्फुस सोनोग्राफीला अगम्य मानले जात असे. फ्रान्समधील अतिदक्षतातज्ज्ञ डॅनियल लिश्टेनस्टाईन यांनी या परावर्तनातून उमटणाऱ्या आभासी रेषाच निदानासाठी वाचून दाखवल्या. आडव्या समांतर रेषा हवेची खूण; दाट उभ्या रेषा फुप्फुसात पाणी वाढल्याची; यकृतासारखा घट्ट दिसणारा भाग हवा गमावल्याची. श्वासागणिक फुप्फुसावरण सरकताना दिसले, तर त्या जागी न्यूमोथोरॅक्स नाही. बाळाच्या छातीची भिंत पातळ असल्याने हे चित्र अधिक स्पष्ट मिळते, तेही क्ष-किरणांविना. अर्थात, फुप्फुसावरणापर्यंत न पोहोचलेला खोलवरचा दोष दिसत नाही आणि निदान पाहणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून राहते.

भारतात प्रश्न केवळ कौशल्याचा नाही. 1994च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार असे यंत्र नोंदणीकृत केंद्रालाच विकता येते आणि सुवाह्य यंत्रांच्या वापरावर कडक बंधने आहेत. ही कठोरता अकारण नाही: 1991 ते 2001 या दशकात देशात 0 ते 6 वर्षे वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या 945वरून 927वर घसरली. तो धोका विसरून कायदा सैल करणे अक्षम्य ठरेल.

परंतु सर्व प्रोब सारखे नसतात. ध्वनीची वारंवारता जितकी अधिक, तितकी तो ऊतींत लवकर क्षीण होतो. 12 मेगाहर्ट्झचा प्रोब पहिले काही सेंटिमीटरच नीट दाखवतो. बाळाच्या छातीला ते पुरेसे आहे, गर्भाच्या तपासणीला सहसा नाही. दुरुपयोग अशक्य होत नाही, अवघड मात्र निश्चित होतो. म्हणून नोंदणी कायम ठेवून, केवळ असा प्रोब स्वीकारणाऱ्या आणि प्रत्येक वापराची नोंद आपोआप जपणाऱ्या यंत्रांचा स्वतंत्र वर्ग करावा आणि त्यांना नवजात अतिदक्षता कक्ष व शस्त्रक्रियागृहांत सुलभ परवानगी द्यावी. न जन्मलेल्या मुलीचे रक्षण करणाऱ्या कायद्याने जन्मलेल्या मुलीच्या श्वासाआड येऊ नये.