पदकांचे संच फोडू नका



युद्धात मारल्या गेलेल्या हवाई सैनिकांची पदके विकत घेऊन जमवणे म्हणजे मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे, असे अनेकदा ऐकू येते. मी अशी पदके जमवतो आणि मला हे मान्य नाही. पुष्कळ घरांत ती सांभाळणारे कुणी उरलेले नसते, संग्रहालये सगळीच ठेवून घेऊ शकत नाहीत, आणि मग ती मोडीत निघतात. 1980 च्या सुमारास चांदीचे भाव भडकले तेव्हा पहिल्या महायुद्धाची चांदीची ब्रिटिश पदके अशीच मोठ्या संख्येने वितळवली गेली. त्यांच्या कडेवर माणसांची नावे कोरलेली होती.

माझा आक्षेप वेगळा आहे. एकाच माणसाच्या पदकांचे आणि कागदपत्रांचे संच फोडून विकले जातात आणि आम्ही संग्राहक ते मुकाट्याने विकत घेतो, हे मला सहन होत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने खर्च वाचवण्यासाठी आपल्या सैनिकांची मोहीम-पदके नाव न कोरताच दिली. ब्रिटिश हवाई दलाच्या एकट्या बॉम्बर कमांडचे 55,573 जण मारले गेले. त्यांच्या घरच्यांना पुठ्ठ्याच्या लहानशा डबीतून पदके मिळाली आणि सोबत सरकारी शोकसंदेशाची चिठ्ठी. चिठ्ठीवर मृताचे नाव असे, पदके कोरी. लँकेस्टर विमानातले सातही जण एका रात्रीत गेले, तर सात घरांत आलेली पदके एकमेकांपासून ओळखता येणार नाहीत. कोणते कुणाचे हे सांगते ती चिठ्ठी, डबीवरचा पत्ता आणि उड्डाणांचे लॉगबुक, ज्यातली शेवटची नोंद दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात असते.

या पदकांतला ‘एअर क्रू युरोप स्टार’ ब्रिटनमधून युरोपवर 5 जून 1944 पर्यंत केलेल्या लढाऊ उड्डाणांसाठीच होता. त्यामुळे त्या मालिकेत तो सर्वांत महाग, आणि नकलाही त्याच्या भरपूर. व्यापारी हा स्टार सुटा काढून एकाला विकतो, लॉगबुक दुसऱ्याला, उरलेली पदके किरकोळीत. त्यानंतर तो स्टार कुणाच्या मुलाचा होता हे कोणताही जाणकार सांगू शकत नाही. एवढेच काय, तो खरा आहे हे पटवून देणेही अवघड होते. माझी वस्तू आहे, मी तिचे काहीही करीन, असे विक्रेता म्हणतो. कायदा त्याला अडवत नाही हे खरे. पण कागदांशिवायचा सुटा स्टार आम्ही घेतलाच नाही, तर तो सुटा काढण्यात फायदा कुठे उरला?

आपल्याकडे तर अज्ञानाची सबबही चालणार नाही. भारतीय सैनिकांना मिळालेल्या त्याच युद्धाच्या पदकांवर नावे कोरलेली आहेत. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडताना गेलेल्या आणि कबर नसलेल्या भारतीय हवाई सैनिकांची नावे सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी घरबसल्या पाहता येतात. पदकावर कोरलेले नाव भिंग लावून वाचायचे आणि तिथे शोधायचे, एवढेच काम आहे. तरी नाण्यांच्या प्रदर्शनांत ‘बर्मा स्टार’ जुन्या बिल्ल्यांच्या ढिगात पडलेले मी पाहिले आहेत, आणि नाव विचारले तर विक्रेता भाव सांगतो.

प्रदर्शने भरवणाऱ्यांनी निदान एवढा नियम करावा: नाव कोरलेले पदक मांडताना ते नाव चिठ्ठीवर लिहावे आणि एकत्र आलेला संच एकत्रच विकावा. ज्या घरांना पदके द्यायची आहेत त्यांनी ती निःसंकोच द्यावीत, यात कमीपणा नाही. मात्र डबी, पत्रे, फोटो, लॉगबुक सगळे एकाच हाती द्यावे, आणि पावतीवर ‘पदके, चार नग’ असे न लिहू देता त्या माणसाचे पूर्ण नाव लिहून घ्यावे.

– एक पदकसंग्राहक, पुणे